पुढचे बाक

विश्रामबाग, सांगली
२१ नोव्हेंबर १९७४

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई आक्का आणि मी कृष्णेच्या नावेत अगदी टोकाला बसायचो, पाय पाण्यात सोडून.

आज माझ्या विजयने मुंबईहून दोन स्पीडबोटींचे फोटो आणले. कोयनेच्या जलाशयात घरच्यांना फिरवायला एक घ्यायची आहे. एकीचा पुढचा भाग उघडा, तिथेही बाक. दुसरीचा झाकलेला, बसायचे सगळ्यांनी मागे.

आक्का फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी हितं फुडं बसणार. दिसंल त्येला हाळी घालणार!"

मी घाईने म्हटले, "झाकलेलीच घे रे. उघडीत लाटा आत येतात."

"हळू चालवली तर नाही येत, आई."

लाटांचे निमित्तच. डोळ्यांपुढे महाबळेश्वरला आल्या की या बोटीत बसायला येणाऱ्या माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी होत्या, आणि त्यांच्यासमोर नऊवारीतल्या आक्का, हाळी घालत. इतकी कशी हलकी मी?

आक्कांना कळले. हसून म्हणाल्या, "झाकल्यालीच घ्या की. मी काठावरनं हात करीन."

हात करीन म्हणे. काठावरून.

उद्या विजयला सांगायचे, उघडीच घे. पुढचे बाक आक्कांचे. वाऱ्यासाठी माझा लोकरी स्कार्फही त्यांनाच. मैत्रिणींना मागची गादी. मला आक्कांच्या शेजारची जागा, त्यांनी दिली तर.