बिननावाचा फॉर्म

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ती. वहिनींना सा. नमस्कार.

दादाला फोन केला होता. माझा आवाज ऐकताच त्याने ठेवून दिला, त्या अर्थी त्याची तब्येत उत्तम असावी. माझीही बरी आहे. कर्मचारी आरोग्य योजनेच्या प्रमुखानेच आजारी पडणं बरं दिसत नाही.

योजना जोरात आहे. कँटीनमध्ये हसऱ्या सफरचंदाचं पोस्टर लावलंय. रोज दहा हजार पावलं चालायची स्पर्धा ठेवली, तर तुमच्या पॅकिंगमधल्या मावशी म्हणाल्या, "एवढं आम्ही जेवायच्या सुट्टीआधीच चालतो. बसायची स्पर्धा ठेवा की." मी हसलो. अहवालात घातलं नाही.

तुमच्या टेबलावर अजून कोणी आलेलं नाही.

योजनेचा तब्येतीचा फॉर्म भरताना तुम्ही विचारलं होतंत, "भाऊजी, खरं लिहू ना?" मी म्हणालो, "नाव कुठंय त्यावर? बिनधास्त लिहा." तुम्ही लिहिलंत: उजव्या हाताला मुंग्या येतात, टेप बोटांतून सुटते, घरी सांगितलेलं नाही.

दादाला मी सांगितलं की फॉर्मांवरून केलेल्या तक्त्याने घात केला. पॅकिंग विभाग, वय पन्नाशीपुढे, नोकरी वीस वर्षांवर. त्या रकान्यात तुम्ही एकट्याच, म्हणून ओळखू आलात. माझा वेंधळेपणा, दुसरं काय.

वहिनी, तक्त्यावरून कोणालाही काही कळलं नव्हतं. साहेब तक्ते वाचत नाहीत. मी तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी चहा ढवळत विचारलं, "ही कोण?" आणि मी तुमचं नाव सांगितलं. दमदाटी नव्हती, नोकरीची भीती नव्हती. आपली योजना किती बारीक काम करते, हे दाखवायची हौस होती. साहेब "वा" म्हणाले. मला बरं वाटलं.

तुम्हाला घरी बसवणारं पत्र मीच लिहिलं. त्यातले 'आपल्याच हितासाठी' हे शब्दही माझेच.

गुरुवारी तुमच्या तक्रारीची सुनावणी आहे. कंपनी म्हणेल, आजार तुम्ही आपणहून कळवलात. तसं नाही. गुप्त ठेवायच्या बोलीवर घेतलेला फॉर्म मी फोडला. हे पत्र समितीपुढे ठेवा. मी कंपनीच्या बाजूला बसलेला असेन. विचारलं तर हो म्हणेन. न विचारता उठून बोलेन, असा भरवसा मला माझा वाटत नाही, म्हणून लिहून देतोय.

आधी दादाला वाचून दाखवा.

खाली सही पूर्ण केली आहे, हुद्द्यासकट, म्हणजे कोणाला शंका नको. नातं लिहिलेलं नाही. ते ठेवायचं की नाही, तुम्ही ठरवा.

(सही)
प्रमुख, कर्मचारी आरोग्य योजना