रविवारी सकाळी नऊला पंप आपोआप सुरू होण्याबाबत

टिळकवाडी, बेळगाव
गुरुवार, दुपारी तीन

ती. सौ. उपासनाआक्का हिस,

धाकट्या दीपंकरचा सविनय जय भीम. दाजींनाही सांग. इकडे सर्व खुशाल (हे रीत म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस). तुझा गुडघा कसा आहे? वॉर्डात दिवसभर पेशंटांना ‘पडून राहा’ म्हणतेस आणि स्वतः बारा तास उभी असतेस, हे काय बरोबर न्हाय. दाजींची शुगर उतरली का? तेजस्वीचं गणित सुधारलं का? (सुधारलं नसेल तर मामाकडं पाठवू नकोस, मामाचंच सध्या काही जुळत नाही.)

फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू हसतेस, आणि ही गोष्ट हसण्यासारखी नाही. ऑफिसातली सौम्या उद्या कोल्हापूरला माहेरी येतीय, तिच्या हाती पाकीट देतोय.

तुला ठाऊक आहेच, या रविवारी अकराला बोरगावला सुविधाला बघायला जायचंय. दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा मी पोचलो नाही. आई आणि माधवीमावशी मात्र दोन्ही वेळा गेल्या, पोहे खाऊन आल्या, आणि दुसऱ्या खेपेला आईनं मुलीच्या आईकडून पोह्यांची कृतीही लिहून आणली. आता मावशीचा निरोप आलाय की चिक्कोडीचं एक स्थळ तिकडं तयार बसलंय, बँकेतला मुलगा आहे, आणि तिसऱ्यांदा जागा रिकामी दिसली तर ती मंडळी त्याला होकार देणार. तेव्हापासून जेवण तेवढं टाळून सगळं करतोय.

आता दोनदा का पोचलो नाही ते ऐक. आमच्या नळपाणी योजनेचे सात गावांचे पंप मी इथल्या कॉम्प्युटरवरून लांबून सुरू करतो. सकाळी नऊला तिकडं पंपाला लागणारी थ्री फेज लाईट येते, मी खुर्चीत बसून बोरगाव, कारदगा, मांगूर असं एकेका गावाला हुकूम टाइप करतो, की तिकडं पाणी चढतं. रविवारीही त्यासाठी मलाच यावं लागायचं. पण अकराला बोरगावात असायचं तर बेळगावातून सातच्या आत निघायला हवं. म्हणून तेच हुकूम एका कागदात लिहावेत तसे लिहून कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, की बाबा, रविवारी नऊ वाजले की मी नसलो तरी तूच हे पाठव. शनिवारी दहा वेळा हातानं चालवून बघितलं. दहाही वेळा पंप सुरू! मी खुशीत केस कापून आलो.

पहिल्या रविवारी मी अजून स्टँडवरच होतो (आधीची गाडी फुल्ल गेली, नंतरची नऊ वाजून गेले तरी आलीच नाही) तोवर यल्लाप्पांचा फोन. हे कारदग्याचे पाणी सोडणारे, साठीचे गृहस्थ, फोनवर आधी कन्नडात रागावतात आणि मग मराठीत समजूत घालतात. सातपैकी एकाही गावात थेंब नव्हता. तसाच उलटा पळालो, हातानं हुकूम दिले, लगेच पाणी! कारण दोन दिवसांनी कळलं. मी टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर मला घरचा माणूस धरतो, कुठली वस्तू कुठं आहे ते त्याला माझ्या वतीनं माहीत असतं. तेच काम ठरल्या वेळेला आपोआप सुरू झालं की तो परका पाहुणा. त्याला चमचा कुठल्या फडताळात आहे तेसुद्धा पूर्ण पत्त्यासकट लिहून द्यावं लागतं. दिलं.

दुसऱ्या रविवारी संकेश्वरला गाडीतून उतरून परत आलो. पुन्हा सगळी गावं कोरडी. या वेळी दोष माझ्या रक्तात निघाला. गावच्या कॉम्प्युटरला कुलूप असतं, त्याची किल्ली माझ्याकडं, आणि त्या किल्लीलाही मी परवलीचा शब्द लावलाय. (आईच्या पेटीत पेटी, त्यात डबी, डबीत रुमाल आणि रुमालात गाठ, मी तिच्याच पोटचा.) रोज सकाळी आल्यावर तो शब्द एकदा टाकतो, मग मी बंद करून जाईपर्यंत किल्ली मोकळी असते. रविवारी नऊला हुकूम दारात गेला, दारानं शब्द विचारला, आणि सांगायला खुर्चीत कुणीच नाही! बिचारा परत आला, आणि कुणाला काही बोललाही नाही. मग निराळी किल्ली केली, शब्दाशिवायची, फक्त पंप सुरू करण्यापुरती.

यल्लाप्पांचं म्हणणं वेगळं होतं. “साहेब, तुमी खुर्चीत बसलासा की पानी येतंय, उठलासा की जातंय. कुनाची तर नजर हाय बगा मशीनवर.” असं म्हणून ते पंचाहत्तर किलोमीटर येऊन कॉम्प्युटरवर लिंबू ठेवून गेले. आप्पांनी जन्मभर सांगितलं, कारणाशिवाय काही घडत नाही, कारण शोधायचं. मी मान डोलवली, कारण शोधलं, आणि लिंबूही काढलं नाही. (तू हे आईला सांगितलंस तर माझं लग्न राहू दे, जेवण बंद होईल.)

तिसरा घोळ सोमवारचा. रविवारची वाट बघण्यापेक्षा चाचणी म्हणून ते काम सोमवारी नऊला लावलं आणि स्वतः खाली चहाला गेलो. वर येतो तर फोन खणखणतोय. पाणी आलेलं, पण फक्त बोरगावला! बाकी सहा गावांनी जो अर्थ काढायचा तो काढला. मांगुरातून एकानं विचारलं, सासरवाडीला पाणी सोडून झालं असंल तर आमच्याकडं बघाल का? आक्का, बघायला गेलेलो नाही आणि अख्ख्या टापूचा जावई झालो! (यादीत बोरगाव पहिलं कुणी लिहिलं, ते विचारू नकोस.)

आधी कागदातही प्रत्येक गावाचा हुकूम वेगळा लिहिला होता, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. नवी किल्ली लावताना मी हुकूम एकच ठेवला आणि त्याच्या मागं गावांची यादी जोडली. तुझ्या लग्नात मष्णूकाकांकडं वीस घरांची यादी आणि पत्रिका दिल्या होत्या, आठवतंय? ते पहिल्याच घरी चहाला बसले आणि तिथल्या म्हातारीनं त्यांच्या हातातली यादी घेऊन शेवटपर्यंत वाचून काढली, मग ती परत मागायची राहिली आणि काका एकोणीस पत्रिका घेऊन घरी आले. तसंच झालं. पहिल्या गावाला गेलेल्या हुकुमानं मागची सगळी यादी आपल्यासाठीच आहे समजून वाचून टाकली. बाकीच्या गावांसाठी काही उरलंच नाही. त्याला एका शब्दानं बजावावं लागतं की तुला वाचायला काही नाही, काम कर आणि ये. तेही केलं.

एवढं करूनही जीव थाऱ्यावर नाही. रविवारी लाईट उशिरा आली तर? चौथाच काही दोष निघाला तर? सात गावांच्या बायका घागरी घेऊन नळावर, मी निपाणीच्या पुढं गाडीत, फोनला रेंज नाही, आणि तिकडं चिक्कोडीचा पेढे घेऊन! रात्री झोप लागत नाही, लागली तर यल्लाप्पा कन्नडात येतात. म्हणून वाटतं, आणखी एक रविवार पुढं ढकलावा. तू मावशीला समजावून सांगशील का? तुझं ती ऐकते.

दाजींना पुन्हा जय भीम, तेजस्वीला पापा.

तुझा
दीपंकर

ता. क. : वरचं वाचून मावशीला फोन लावायला उठली असशील तर बस खाली. मंगळवारी, काल आणि आज, तिन्ही दिवस नऊला सातही पंप आपोआप सुरू झाले. आज तर मी मुद्दाम दहाला ऑफिसात आलो. रविवारी काही बिघडणार नाही, हे मला माहीत आहे.

ता. क. २ : संकेश्वरला मी उतरलो तेव्हा यल्लाप्पांचा फोन आलेलाच नव्हता. नऊसुद्धा वाजले नव्हते. उतरून टपरीवर उभा राहिलो, आणि फोन आला तेव्हा, देवाशप्पथ म्हणत नाही, पण हायसं वाटलं. फोटो पाहिल्यापासून ती मला लई आवडलीय, आक्का. समोर बसल्यावर तिनं काही विचारलं आणि मला बोलताच आलं नाही तर? आप्पा असते तर पहिली दहा मिनिटं त्यांनीच सांभाळली असती. मला भीती वाटते.

ता. क. ३ : तर मावशीला काही सांगू नकोस. तूच ये. रविवारी साडेनऊला निपाणी स्टँडवर, कोल्हापूरची गाडी लागते तिथं. सुविधाकडं गेल्यावर बोलू नकोस, नुसती शेजारी बस. आणि येणं जमणार नसेल तर कळवू नकोस. तू येशील या भरवशावर मी निदान संकेश्वरच्या पुढं तरी जाईन.