गजराबाईंचे आभार

ता. ९ जानेवारी, बुधवार
द्वारका पहिली आली! चौथीच्या परीक्षेत शहरातल्या सगळ्या कन्याशाळांत आमची पोर वर. शाळाखात्याचे डेपुटीसाहेब स्वतः सांगायला आले. पोरीला हसावं की रडावं कळेना, शेवटी परकराला नाक पुसलं आणि पळाली.

साहेबांना हजेरीचं नवल. "पाणीगेटाबाहेरच्या शिपाईवस्तीतल्या मुली रोज येतात? कशा काय?" म्हटलं, गजराबाई आणतात. साहेबांनी 'हं' केलं आणि छप्पर गळतं का विचारलं. गळतं. मागच्या वर्षीही हेच विचारलं होतं, तेव्हाही गळत होतं.

शिक्षणसक्तीचा कायदा आहे, दंड आहे, तरी मुली येत नव्हत्या. धाकटं भावंड घरी कोण सांभाळणार? मुलींना घरून आणायला सरकारी तेडागर द्या म्हणून लिहून लिहून थकले. मग ही बाई आपणहून उठली. सकाळी दारोदार फिरते, कुणाची वेणी घालते, कुणाच्या आईशी भांडते, कुणाचं रडकं भावंड काखोटीला मारून आणते आणि शाळा सुटेपर्यंत ओटीवर बसून त्यांना खेळवते. कुणी सांगितलं नाही, कुणी काही देत नाही.

साहेब जाताना म्हणाले, बक्षीससमारंभ करा, मदत करणाऱ्यांचे आभार माना. छान वाटलं. आज जेवणही गोड लागलं.

ता. ११, शुक्रवार
छान वाटणं संपलं. आज शाळेच्या कमिटीची सभा. अध्यक्षीणबाई (यापुढे अ.बा., पूर्ण लिहायला शाई फुकट नाही) मोत्यांच्या कुड्या घालून आल्या होत्या. दुपारभर एकच खल: डेपुटीसाहेबांच्या पत्नीशेजारची खुर्ची कुणाची. एकीचे सासरे दरबारात मानकरी, दुसरीचे यजमान हुजूर कचेरीत. मुलींच्या शाळेत बसलोय की दसऱ्याच्या दरबारात, कळेना. द्वारकेचं नाव निघालं ते चहा आल्यावर. "कुणाची ती? हां हां, शिपायाची. हुशार असतात हो एखाद्या."

मग आभार. स्वयंसेविका म्हणजे कोण, तर अ.बा. आणि त्यांच्या चार मैत्रिणी. दिवाळीला बग्गीतून येतात, बुंदी वाटतात, मुलींच्या गालाला हात लावतात आणि जाताना हात धुतात. मी गजराबाईंचं नाव सांगितलं. "हो ने," त्यांच्या गुजराती वळणात, "त्यांनाही बोलवू." ठराव झाला की आभार हळदीकुंकवाने मानायचे. संक्रांतीचे दिवस, आपल्यात याहून मंगल ते काय!

शाळेत आम्ही शिकवणाऱ्या तिघी. तिघीही विधवा. अ.बा. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही तिघी आत फराळाचं बघा हं बाई." इतक्या मायेने म्हणाल्या की शिसारी आली.

ता. १४, सोमवार. उत्तरायण.
सुटी. सकाळपासून गच्च्यांवर आरडाओरड, आभाळभर पतंग. गजराबाई तिळगूळ घेऊन आल्या. कपाळाला हे एवढं कुंकू, आडवं. वस्तीतल्या बायका त्यावरून कुजबुजतात, मला ठाऊक आहे. नवरा पलटणीबरोबर बसऱ्याकडे लढाईवर गेला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. पहिले काही महिने पत्रं आली, मग बंद. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. सरकारातून काहीच नाही. सासू म्हातारी, वाघीण. वस्तीला बजावून ठेवलंय: "माझा ल्योक जिता हाय. सुनंच्या कपाळाकडं कुणी वाकडं बगायचं न्हाई."

गजराबाई स्वतः यावर बोलत नाहीत. "हे आले की घरावर कौलं घालायचीत" असं काहीतरी मधेच बोलून जातात, गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

हळदीकुंकवाचं सांगितलं. लाजल्या. "मला कशापायी? म्या काय केलं?" मग हळूच, "त्या दिशी लुगडं कोंचं नेसू?"

ता. १७, गुरुवार
अ.बा.कडे बोलावणं. गेले. झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत म्हणाल्या, "त्या गजराबाईचं नक्की काय आहे?"
"काय म्हणजे?"
"म्हणजे, आहे का तिचा नवरा?"
म्हटलं, कुणालाच माहीत नाही.
"तेच ने. मग शंका आली. शंकेच्या कपाळाला कुंकू कसं लावायचं? उद्या तो गेल्याची तार आली तर आम्ही काय केलं असं होईल? आमच्याही घरात माणसं आहेत, बाई. बरं नाही दिसत ते."
म्हटलं, आणि न लावलं तर? तुम्ही तिला विधवा ठरवलं असं नाही का होणार?
"ठरवायला आम्ही कोण? आम्ही फक्त लावणार नाही."

घरी येऊन हातपाय धुतले तरी बरं वाटेना.

ता. १९, शनिवार
पुन्हा गेले. तोड काढली होती: कुणालाच कुंकू नको, सगळ्यांचे आभार व्यासपीठावरून डेपुटीसाहेबांच्या हस्ते नारळ देऊन मानू. अ.बा. दुखावल्या. "पुरुषाच्या हातून नारळ? आमच्या घरच्या बायका घेतील का?" मग बारीक आवाजात, "बाई, तुम्हाला हळदीकुंकू का नकोसं वाटतं ते मी समजू शकते."

काय समजू शकते! अठराव्या वर्षापासून पांढऱ्या कपाळाने फिरतेय, ट्रेनिंग कॉलेज केलं, शाळा उभी केली, आणि ही बाई समजते की मी कुंकवावर जळते. उत्तर सुचलं ते जिना उतरल्यावर. नेहमीचंच.

ता. २२, मंगळवार
अभ्यास बंद. सकाळ-संध्याकाळ स्वागतपद्य. सात कडवी, त्यातली पाच अ.बा.च्या गुणांची. चाल लागत नाही, मुलींचे घसे बसले. द्वारकेने विचारलं, "बाई, यातलं 'दयासागरी' म्हणजे कोण?" म्हटलं, पाठ कर, विचारू नकोस. असं मी मुलींना कधी म्हणत नाही.

गजराबाईंना निरोप गेला, पण कसा? 'मुलींना वेळेवर आणावे.' एवढाच. तिने आपला अर्थ लावला. हिरवं लुगडं काढून ठेवलंय म्हणाली. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगते. अ.बा.चीही अक्कल ठिकाणावर येईल कदाचित.

ता. २५, शुक्रवार
झालं एकदाचं. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मंडप, पताका, गुलाबदाणी. डेपुटीसाहेब उशिरा. द्वारकेला बक्षीस मिळालं ते अर्ध्या मिनिटात. साहेबांनी तिचं नाव 'राधिका' वाचलं, तिने तरी वाकून नमस्कार केला. मग भाषण: हजेरी उत्तम, मुलींना घरून आणण्याची व्यवस्था उत्तम, याचं श्रेय अध्यक्षीणबाईंच्या कमिटीला. टाळ्या. गजराबाईंनीही वाजवल्या. काखेला दुसऱ्याचं पोर, हिरवं लुगडं, खुशीत.

पुरुष उठून गेले आणि हळदीकुंकू सुरू झालं. आम्ही तिघी दाराआड, मी फटीतून बघतेय. तबक अ.बा.च्या धाकट्या सुनेच्या हातात. नवीन पोरगी, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ओळीने लावत लावत गजराबाईंपाशी आली. त्यांनी कडेवरचं पोर खाली ठेवलं, पदर सावरला, कपाळ पुढे केलं. सुनेने बोट उचललं. मागून अ.बा.चा आवाज, "थांब गं! तिथे नको."

बोट तसंच हवेत. वस्तीतल्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. सून भांबावून पुढच्या बाईकडे सरकली. गजराबाई कपाळ पुढे करून तशाच उभ्या. मग पोर उचललं आणि बाहेर गेल्या.

मी दाराआड. हातात लाडवांची परात. बाहेर गेले नाही, ओरडले नाही. परात खाली ठेवली एवढंच. स्वतःचीच किळस येते आहे.

शेवटी अ.बा.नी आभार मानले. देवाचे, सरकारचे, डेपुटीसाहेबांचे, मंडपवाल्याचे.

ता. २६, शनिवार
शिपाईवस्तीतली एकही मुलगी नाही. द्वारकासुद्धा नाही. ओटी रिकामी.

ता. २७, रविवार
मी गेले वस्तीत. गल्लीच्या तोंडाशीच रडं ऐकू आलं. वाटलं, खबर आली. घरात बायका दाटून बसलेल्या, सासू ऊर बडवतेय. माझ्या पायावर पडली. "बाई, आदी सांगायचं हुतं वो! चारचौघांत असं का कळवलं?"

काय कळवलं? मला समजेचना. शेजारणीने समजावलं. सरकारी शाळा. सरकारचा साहेब आला होता. त्याच्यादेखत कुंकू अडवलं. म्हणजे सरकारला तार आली असणार. बाईमाणसाला तोंडाने कसं सांगावं म्हणून शाळेने असं सांगितलं.

साहेब तोवर निघूनही गेले होते, पण ते कोण ऐकतंय? मी देवाशपथ सांगितलं, काही आलेलं नाही, एका बाईच्या डोक्यातली शंका, बाकी काही नाही. "तुमी दया करून लपवताय," सासू म्हणाली. जी म्हातारी दोन वर्षं वस्तीशी भांडली, ती अ.बा.च्या दोन शब्दांनी कोसळली. का, तर त्या मोठ्या घरच्या. मोठ्या घरची माणसं उगाच कशाला अडवतील?

गजराबाई आत भिंतीला टेकून. बांगड्या अजून हातात. परवाचं कुंकू कपाळावर वाळून भेगाळलेलं. परवापासून तोंडाला पाणी लावू देत नाही म्हणे. धुतलं की पुसलं जाईल आणि पुन्हा लावू देणार नाहीत. बायका बांगड्यांसाठी अडून बसलेल्या. मी दारातून हललेच नाही.

संध्याकाळी म्हातारी शांत झाली. म्हणाली, "शाळंनं अडवलं, शाळंनंच लावावं. मग मानीन खबर न्हाई म्हनून. तवर बांगड्यांना हात न्हाई लावू देत."

ता. २८, सोमवार
अ.बा.कडे. सगळं सांगितलं. 'अरेरे' म्हणाल्या. खरंच वाईट वाटलं असावं, डोळ्यांना पदर लावला. म्हटलं, मग चला, बग्गी जोडा, दोन मिनिटांचं काम आहे.
"मी? त्या घरात? बाई, रडारड झालेल्या घरात मी कुंकू घेऊन जाऊ?"
"रडारड तुमच्यामुळे झाली."
"आवाज चढवू नका. आणि उद्या तार आलीच तर? माझ्या हाताचा अपशकुन म्हणतील लोक."
सुनेला पाठवा म्हटलं. ती दाराशी उभी होती, पोरगी निघायला तयार दिसली. "तिला दिवस गेलेत," अ.बा. म्हणाल्या, आणि विषय संपला.

उठताना म्हणतात, "मुली येत नाहीत असं कळलं. हजेरी पडली तर डेपुटीसाहेब काय म्हणतील?"

त्या घरच्या पाण्यालाही आता शिवणार नाही. माझी डभोईला बदली करायची तर करोत.

ता. २९, मंगळवार
दिवसभर विचार. शाळेतून सवाष्ण कुठून आणू? आम्ही तिघी अशा. कमिटीतल्या बाकीच्या चौघींकडे जाऊन आले. एकीचं डोकं दुखतंय, एक सासूला विचारते म्हणाली, दोघी घरात असून घरात नव्हत्या.

मग द्वारकेच्या आईकडे गेले. सवाष्णीचं नाही तर कुमारिकेचं बोट तर चालतं? आणि शाळा शाळा म्हणजे कोण? अ.बा. का मुली? आईने आधी कानावर हात ठेवले. बराच वेळ बोलत बसले. शेवटी म्हणाली, "न्या. तिनंच माझ्या पोरीला शाळंत नेलं."

शेजारणीकडून कुंकवाची कुयरी मागून आणली. पंधरवडाभर ज्या कुंकवाला शिव्या घालतेय तेच हातात घेऊन बसलेय. याचाही वीट आलाय. बाईचं जगणं-मरणं चिमूटभर कुंकवावर टांगलेलं, आणि मी ते मोडायचं सोडून मागून आणतेय. पण तिच्या बांगड्या उद्यापर्यंत थांबतील की नाही, मला माहीत नाही.

ता. ३०, बुधवार
गेलो. मी आणि मुली, सगळ्या वर्गांच्या. द्वारका पुढे. वस्तीतल्या बायका दारादारांत.

सासूने कुयरीकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. "मोठ्या घरच्या न्हाई आल्या?"
"नाही आल्या. शाळा आली."
मग आत वळून म्हणाली, "तोंड धू गं."

गजराबाईंनी परसात जाऊन तोंड धुतलं. कोरं कपाळ घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मला बघवेना. द्वारकेने लावलं, आडवं, जरा वाकडं. मागोमाग बाकीच्या मुली, प्रत्येकीचं बोट. कपाळभर माखलं. सासू ढसाढसा रडली, पण बसल्या बायकांना म्हणाली, "जावा आता आपापल्या घरी."

निघताना गजराबाई गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आल्या. म्हटलं, उद्या मुलींना आणणार ना? त्यांनी मग माझा हात धरला.
"बाई, खरंच काही आलं न्हाई ना?"
"नाही."
दोन पावलं चालल्या असतील.
"साहेबाकडंबी न्हाई?"
"नाही हो."
हात सोडेनात. दोन वर्षांत हा प्रश्न तिने मला एकदाही विचारला नव्हता.