घर सत्यशीलेला का दिले, त्याबद्दल

मी, सहादेव पौलस दुशिंग, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा मंडप व साऊंड सर्व्हिस, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाला बळी न पडता वा गोड बोलण्याला न भुलता करून ठेवतो. मला शुगर आहे, गुडघे गेले आहेत. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला कोणी मागितला नाही, पण ते डोक्याहून बरे आहेत, आणि हा कागद त्यांच्यामुळेच करावा लागत आहे.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वडील ऊसतोडीला या भागात आले आणि इथेच राहिले. त्यांच्याकडून मला आडनाव आणि प्रार्थना मिळाली, गुंठाभर जमीनसुद्धा नाही. दुसऱ्याच्या भोंग्याची बॅटरी डोक्यावर वाहत मी धंद्यात आलो, मग स्वतःचा भोंगा घेतला, मग मशीन, मग गाड्या. गणपती, उरूस, नाताळ, निवडणूक, सगळ्यांना आवाज मी पुरवला. तेव्हा वडिलोपार्जित हक्काची भाषा कोणी करू नये.

२. पत्नी राजेश्वरी ख्रिस्तवासी आहे. अपत्ये दोन. मुलगा अमृत पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये असतो. मुलगी सत्यशीला विधवा असून माझ्याजवळ राहते.

३. वस्तीतील माझे राहते घर, मागची पत्र्याची गोडाऊन-खोली व अंगणातला नळ यांसह, मी सत्यशीलेला पूर्ण मालकीने देत आहे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, तिची मर्जी. तिला तिथून कोणीही, कसल्याही मायेच्या नावाखाली, हलवू नये.

४. वकील स्नेहलताई म्हणाल्या, कारण लिहायची गरज नसते. पण माझ्या माघारी 'म्हाताऱ्याला भुलवलं' असा दावा लागेल, म्हणून लिहितो. सत्यशीलेला एचआयव्ही आहे. तिच्या परवानगीवाचून हे नाव लिहिता येत नाही, असे ताईंनी बजावले होते. मी तिला विचारले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा पप्पा. सगळ्या श्रीरामपूरला ठाऊक हाय. कागदालाच तेवढं न्हाई."

५. हा आजार तिला नवऱ्याकडून आला. जावई ट्रकवर होते. लग्नाआधीपासून त्यांना गोळ्या चालू होत्या आणि हे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक होते. ते गेल्यावर राहुरीच्या माझ्या विहीणबाई, मनकर्णाबाई, भर मयतीत म्हणाल्या, "वस्तीतली पोर केली, तिथंच झालं वाटोळं. गाडी उगं उभी ऱ्हाती का तिथं?"

गाडी म्हणजे रक्त तपासणीची. ती आमच्याच वस्तीच्या तोंडाशी उभी राहते, मळ्यांच्या रस्त्याला मी तिला कधी पाहिली नाही. बंगल्यातली माणसे पुण्याला जाऊन, नाव बदलून रक्त तपासायला देतात. तपासणी आमची, म्हणून आकडा आमचा, आणि आकडा आमचा म्हणून रोगही आमचा. बरे, गाडीवाले रक्त घेऊन जातात. बायकांना बाजूला घेऊन नवऱ्याला कसे विचारायचे, निरोध कसा मागायचा, एवढे सांगायला कोणी थांबत नाही. मनकर्णाबाईंना माझ्या मिळकतीतून काही देणे नाही. त्यांनी आधीच भरपूर नेले आहे.

६. आता चर्च. आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला हातोहात फिरत असे. माझे आजोबा ख्रिस्ती झाले ते त्या एका प्याल्यापायी. गावच्या विहिरीवर त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतत, आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या ओठांना लागलेला प्याला त्यांच्या ओठांना लागला. घरी येऊन ते रडले होते, असे वडील सांगत.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी नेहमीसारखा मिक्सरवर, कानाला हेडफोन. हॉलचा आवाज मी बंद ठेवला होता. पाळक साहेब आतल्या खोलीत तयार होत होते आणि त्यांचा कॉलर माईक चालू राहिला होता. चर्च कमिटीचे पंच राधाकृष्ण यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"पाळक साहेब, ती पोरगी पुढंच बसती. तिच्या तोंडचा प्याला आमच्या लेकरांनी प्यायचा व्हय?"

"मग तिला शेवटी बसवू का?"

"शेवटी बसली तरी पुढच्या महिन्याला प्याला तोच की!"

पुढच्या महिन्यापासून बोटभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या प्याल्या आल्या. 'स्वच्छतेसाठी' अशी घोषणा झाली, ती माझ्याच माईकवरून, माझ्याच स्पीकरमधून. प्याल्याने हा आजार होत नाही. सत्यशीला रोज गोळी घेते आणि तिच्या रक्तात आता विषाणू मोजायलाही सापडत नाही. डॉक्टरांनी पंचांना हे समजावून सांगितले. पंचांनी मान डोलावली आणि प्लॅस्टिकचे आणखी एक पाकीट मागवले.

चर्चने माझे मोठे स्पीकर मागितले आहेत. ते देऊ नयेत. चर्चला मी तोच कॉलर माईक देत आहे. त्याचे बटण आता बंद होत नाही. ते दुरुस्त करू नये.

७. अमृतला त्याचे शिक्षण मी हयातीतच दिले आहे. नाताळला तो आणि सूनबाई दिपाली आले. ओट्यावर बॅग टेकवली तेव्हा आत स्टीलचे ग्लास वाजले. घरात ग्लास नाहीत का, असे मी विचारले नाही. जाताना गेटाशी अमृत म्हणाला, "पप्पा, तुमच्यानंतर तिला एखाद्या संस्थेत ठेवू. मी पैसे भरीन ना."

मी म्हणालो, "आणि घर?"

तो म्हणाला, "घराचं मग बघू."

मुला, घराचे मी बघितले. ते ग्लास तुला लखलाभ असोत.

८. मारुती व्हॅन मी माझे ऑपरेटर आदिनाथ यांना देत आहे. अट एकच. गोळ्यांसाठी दर महिन्याला नगरला जाणाऱ्या वस्तीतल्या बायकांना त्यांनी फुकट न्यावे-आणावे. गाडीवरचे 'दुशिंग साऊंड' पुसू नये, म्हणजे बायका कार्यक्रमाला निघाल्या असे लोकांना वाटेल आणि कोणी कोणाला मोजणार नाही. उरलेले सर्व साऊंड सामान सत्यशीलेचे.

९. साक्षीदारांविषयी. दोन साक्षीदारांवाचून हा कागद रद्दी आहे, आणि कागद रद्दी झाला तर सत्यशीला रस्त्यावर. आदिनाथांनी सही केली तर कायद्याने त्यांची व्हॅन जाते, म्हणून त्यांची सही घेतली नाही. डॉक्टरांनी होकार दिला. दुसरी सही प्रतिष्ठित माणसाची असावी म्हणून पहिला मसुदा घेऊन मी पाळक साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "कमिटीला विचारतो." कमिटीतर्फे राधाकृष्ण स्वतः घरी आले, चौथ्या कलमापर्यंत वाचले आणि पेन खाली ठेवले.

"सहादेवभाऊ, तेवढा आजाराचा उल्लेख काढा, लगेच करतो सही."

सत्यशीला दारात उभी होती. म्हणाली, "काका, मग तुमचाबी उल्लेख काढावा लागंल."

ते चहा न घेता गेले.

मग मी भिंतीपलीकडच्या चांगुणाबाईंना हाक मारली. त्या बाजारात बोंबील विकतात, कोणत्याही कमिटीवर नाहीत. मी कागद पहिल्यापासून वाचून दाखवू लागलो. चौथ्या कलमाला त्यांनी मला थांबवले.

"ते ठाऊक हाय मला. लेक तुमची, घर तुमचं. सही कुठं करू, तेवढं बोट ठिवून दावा."

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी ॲड. स्नेहल यांच्यावर सोपवतो. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर, एकाच टेबलावर, सही केली आहे.

ठिकाण : श्रीरामपूर
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

(सही) सहादेव पौलस दुशिंग

साक्षीदार :
१. (सही) डॉ. सुनील कोळगे
२. (सही) चांगुणा छगन आढाव