बेचाळीस स्वच्छ हातजोड्या

ताईच्या चरणी धाकट्या भावाचा (वय वर्षे एकावन्न, तरी धाकटाच) साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता जिन्याचे ऐकतात का? भावोजी निवृत्त झाल्यापासून चहा हवा असला की स्वयंपाकघराकडे तोंड करून कवायतीची शिट्टी फुंकतात, असे लिहिले होतेस. वाचून वाईट वाटले. (हसून झाल्यावर वाटले, पण वाटले.)

इकडे मला शाळेचा ‘स्वच्छता व सुरक्षा प्रमुख’ नेमले आहे. संस्कृतच्या मास्तराला काम नसते, हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा सिद्धान्त. सातवीची बेचाळीस मुले माझ्या पदरी. महिन्यापूर्वी नखे तपासली, तर प्रत्येक नखाखाली मैदानाचा एकेक नमुना. मोज्यांविषयी लिहीत नाही; तू जेवत असशील. तेव्हा तूच, तीस वर्षे परिचारिका असल्याच्या अधिकाराने, उपाय कळवलास : घंटा झाली की आधी हात, मग बाकी सारे. मी तो मंत्रासारखा घोकून घेतला. ज्यांना एक विभक्ती धड चालवता येत नाही, ती मुले हा नियम झोपेतही पाळू लागली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि तिथेच घात झाला.

काल आगीच्या सरावाची तपासणी होती. तीन मिनिटांत शाळा रिकामी व्हायला हवी म्हणून अधिकारी घड्याळ घेऊन मैदानात उभे. शिपायाने धोक्याची घंटा म्हणून आपली रोजचीच घंटा बडवली (दुसरी आहे कुठे?). बाकीचे वर्ग धावत मैदानात. माझा वर्ग शिस्तीत, एका ओळीत निघाला आणि नळापाशी थांबला. नळ चार, पाणी एकाला.

“अरे, आग लागलीय! पळा!” मी ओरडलो.

“सर, साबण लावून वीस आकडे मोजायचे असतात,” आमची मॉनिटर म्हणाली. तिला सगळे फौजदारीणबाई म्हणतात. “माझे बाराच झालेत.”

“आणि सर, मध्ये घुसू नका ना!” मागून कोणीतरी.

सतरा मिनिटे लागली. “मास्तर,” अधिकारी म्हणाले, “मुलं जळाली असती, पण स्वच्छ.” मी हसलो खरा, मैदानात बेचाळीस डोकी मात्र तीनदा मोजली.

सोमवारी फेरतपासणी आहे. पुन्हा नापास झालो, तर माझे संस्कृतचे तास सरावाला जाणार. “व्याकरण थांबतं, सर. आग थांबत नाही,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

असो. तू काळजी करू नकोस. मी समर्थ आहे, कोणाकडून काही नको.

तुझा,
धाकटा

ता. क. : भावोजींची शिट्टी सोमवारच्या आत पाठव. घंटेला हात, शिट्टीला मैदान, असे वर्गाकडून पाठ करून घेतले आहे. फक्त शिट्टी नाही. (तुझ्याही चहाला तेवढीच विश्रांती.)

आणखी एक : उकळून पाठव. फौजदारीणबाई विचारणारच.

आणि हे शेवटचे : वरची ओळ लिहीत होतो, तेवढ्यात घंटा झाली. उठलो, नळावर गेलो, रांगेत तेविसावा नंबर लागला. हात धुताना लक्षात आले, की शाळा सुटली होती. “सर, अंगठा राहिला,” फौजदारीणबाई म्हणाल्या. तेव्हा शिट्टी तिच्याच गळ्यात घालणार आहे. सोमवारी मलाही कोणीतरी मैदानात हाकलायला हवे.