मेलेल्या मास्तरांच्या मापाचा कोट

अप्पा, तुम्ही मोडलेलं बोट अजून वाकडंच आहे, पण काल त्याच बोटानं अवरेकाळूचे वाल सोलताना मी इतकी हसले, की नात म्हणाली, अज्जी, पाणी पी, ठसका लागेल. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तुमच्यापर्यंत ही गोष्ट दुसरं कोण पोचवणार, म्हणून मीच लिहायला बसले. अक्षर बघून ओरडू नका. तिसरीतून तुम्ही मला उचलून दुकानात बसवलंत, मराठी अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत आणि वर्षभरात पेनही तुम्हीच काढून घेतलंत. मग अक्षर सुधारणार कधी?

आम्ही आता बनशंकरीला असतो. नात कंप्युटरच्या कंपनीत आहे, सकाळी कंपनीची बस तिला इलेक्ट्रॉनिक सिटीला नेते. काल रविवार, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात परात घेऊन बसलो. या दिवसांतले अवरेकाळू तुम्हाला किती आवडायचे! भिजवलेला दाणा चिमटला की साल हातात आणि दाणा टुणकन परातीत. तुम्ही तर न मोजता चार वाट्या हितकबेळेची आमटी खायचात, आई सोलून सोलून दमायची. असो. नातीचा चेहरा दोन महिन्यांनी उजळला होता. मी विचारलं, "काय गं, लग्न ठरवून आलीस की काय?" "छे अज्जी! आमच्या डेटाबेसची नवी आवृत्ती आली." ते काय असतं म्हटल्यावर म्हणाली, "वह्या समज. फार मोठ्या. एका वहीत माणसांची नावं आणि नंबर, दुसऱ्या वहीत त्या नंबरांपुढे त्यांची बाकीची माहिती. नंबरावरून एकीतून दुसरीत जायचं." मी म्हटलं, "अय्यो, मग ते आमच्या दुकानातही होतं. त्याला एवढं शिकायला लागतं होय?"

दोन महिन्यांपूर्वी ती रडत घरी आली होती. ऑफिसात कुणीतरी नावांच्या वहीतून एक नाव खोडलं, त्याची माहिती दुसऱ्या वहीत तशीच राहिली, तो नंबर पुढे भलत्याच माणसाला मिळाला आणि एकाचे कागद दुसऱ्याच्या घरी गेले. साहेबानं हिच्या समोर फाइल अशी आपटली की कपाचे तुकडे झाले, एक तुकडा हिच्या हनुवटीला लागला. तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "हात उगारला का?" "नाही गं." "मग सरी, ठीक आहे." ती चिडली, म्हणाली, तुला हात उगारल्याशिवाय काही लागतच नाही. तिला कुठून कळणार! नाव खोडलं म्हटल्याबरोबर माझ्या बोटात कळ आली होती. पन्नास वर्षांपूर्वीची.

तुम्हाला तो आठवडा आठवत असेलच. चिकपेटेतलं आपलं शिंप्याचं दुकान, सात दिवसांत तीन लग्नांचे कपडे, आणि नावांची नि मापांची अशा दोन्ही वह्या माझ्याकडे. तुमचे नियम मला पाठ होते. मेलेल्या माणसाचं नाव नावांच्या वहीत ठेवायचं नाही, जिवंत गिऱ्हाइकांना ते बाधतं. रिकामा झालेला नंबर वाया घालवायचा नाही, नव्या गिऱ्हाइकाला द्यायचा. आणि तुमच्या हातात कातर असताना तोंड उघडायचं नाही. हा तिसरा नियम तुम्ही त्याच आठवड्यात थोबाडीत मारून शिकवला होता; कानात दोन दिवस भुंगा फिरत होता. तर त्या आठवड्यात गल्लीतले मास्तर वारले, काडीसारखे सडपातळ, छाती एवढीशी. मी त्यांचं नाव नीट रेघ मारून खोडलं. दुसऱ्याच दिवशी गरडीतला, तालमीतला पैलवान आला, मान नव्हतीच त्याला, खांद्यावर थेट डोकं. तो नवरदेव. मी त्याला मास्तरांचा नंबर दिला आणि त्याची मापं मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिली. मास्तरांची मापं त्याच नंबराखाली आधीच्या पानावर तशीच होती. ती खोडायची असतात हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही कापडाच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी बघितलीत, नंबर बघितलात, वही उघडलीत आणि जे पान पहिलं सापडलं त्यावरून मलई रंगाचं रेशीम कापलंत. माणूस पोट आत ओढून उभा राहतो, वही खोटं बोलत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. पैलवान कुस्तीसाठी म्हैसूरला गेलेला, घालून बघायला कोणी नव्हतं. कोट लग्नाच्या सकाळी पोचला. कसाबसा अंगात कोंबला म्हणे, आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकला तशी पाठ उभी फाटली, मानेपासून कमरेपर्यंत.

दुपारी त्याचे दोन भाऊ आणि मामा येतात. मी गुंड्यांच्या डब्यामागे बसलेली आहे. "अण्णा, कुणाच्या मापाचा शिवलास रे?" मामा विचारतो, आणि तुम्ही, अप्पा, वहीवरच्या त्या विश्वासानं, वही उघडून त्यांच्याच पुढे धरता! मामा शिकलेला. दोन्ही वह्या बघतो, खोडलेलं नाव वाचतो. "मेलेल्या माणसाच्या मापाचा कोट? आमच्या पोराला, बोहल्यावर?" पहिला ठोसा तुमच्या तोंडावर बसतो. दुसऱ्यात दोन दात फळीवर पडतात, त्यातला एक माझ्या गुंड्यांमध्ये. एक भाऊ शिवणाचं मशीन उचलतो, एकटा, जसा गूळ उचलावा, आणि रस्त्यावर फेकतो. चाक निखळून समोरच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत पळत गेलं. लोक जमले, कुणी पुढे झालं नाही. तुम्हाला लाथा घालताना ते मोजत होते, एक, दोन, तीन, गरडीत जोर मोजतात तसे. इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या धोतरांवर तुमचं रक्त उडालं.

ते गेल्यावर तुम्ही उठलात. मला वाटलं, आता पाणी मागाल. तुम्ही लोखंडी गज मागितलात. मीच आणून दिला, अप्पा. "कुठल्या हातानं लिहिलंस?" मी उजवा पुढे केला. तुम्ही तो फळीवर ठेवायला लावलात, मास्तर वर्गात ठेवायला लावतात तसा. पहिल्या फटक्याला बोट मोडलं, त्याचा आवाज गुंडी तुटावी तसा आला. त्यानंतर किती मारलेत मला ठाऊक नाही, कारण मी त्या दाताकडे बघत होते. आईनं हळद भरून फडकं गुंडाळलं, हाड बसवायला कुणाकडे नेलं नाही. आणि तुम्ही सांगितलंत, "आजपासून पेनाला शिवायचं नाही. तुझ्या डोक्यात भुसा आहे." मी ते मानलं. नवऱ्याच्या घरी अंगठाच दिला, सही येत असताना. मुलांच्या शाळेची पायरी कधी चढले नाही. भुसा घेऊन कुठे जायचं?

आता कालचं ऐका. मी नातीला विचारलं, "नव्या आवृत्तीत काय नवीन?" ती म्हणाली, "बरंच आहे, पण मला हवं ते एकच. आधीच्या आवृत्तीत नियम लिहून ठेवता यायचा, की ह्या वहीतला नंबर त्या वहीशी बांधलेला आहे. लिहून घ्यायची, पण पाळायची नाही." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांसारखी. सरी म्हणायचे आणि करायचे नाहीत." हसली. म्हणाली, "नवी पाळते. ज्या नंबराला दुसऱ्या वहीत काही लागलेलं आहे, त्याचं नाव खोडायला गेलं की ती खोडूच देत नाही. एक ओळ लिहिते, की ह्याच्या मागे अजून माहिती आहे, थांब. नाहीतर आधीच सांगून ठेवायचं, नाव गेलं की मागचं सगळंही आपोआप खोड." मी दाणा हातात धरून बसले. म्हटलं, "म्हणजे दोन्हीपैकी एक कुणीतरी आधी सांगायला लागतं?" "हो." "आणि सांगितलंच नसेल तर?" "मग नाव खोडणाऱ्याची काय चूक, अज्जी?" ती सहज बोलून गेली आणि साल चिमटलं. एवढे शिकलेले लोक, थंडगार खोल्यांत बसलेले, त्यांच्या यंत्राकडून आत्ता आत्तापर्यंत तीच चूक होत होती जी माझ्याकडून दहाव्या वर्षी झाली. मला हसू फुटलं ते तेव्हा. परात कलंडली, दाणे ओट्याखाली गेले. मी तिला विचारलं, "ते यंत्र नाही म्हणतं, तर त्याला कुणी मारत नाही?" "मारून काय करणार? ते नाहीच म्हणतं."

नात झोपाळ्यावर वाचत बसली आहे, तिच्याच वहीचं पान फाडून हे लिहिलं. पाठवणार कुठे? दुकानाच्या जागी झेरॉक्सवाला आहे. माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवीन, बॉबिनांच्या खाली.

सगळं तुमच्या माथी मारून बंद करणार होते, पण मन धजत नाही. त्या दिवशी तुम्ही रेशमावर खडूनं रेघा मारल्यात, तेव्हा मी शेजारीच उभी होते. उघडलेलं पान मास्तरांचं आहे, हे मला दिसलं होतं. शब्द जिभेवर आला होता. तुमच्या हातात कातर होती, म्हणून भीतीनं गप्प बसले, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होतीच, अप्पा. पण तुमच्या थपडेनं कान अजून गुणगुणत होता, आणि कातर चालायला लागली तेव्हा स्वल्प मजाही वाटली होती.