आमच्या थांब्यावरचं शून्य

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे). गुडघे काय म्हणतायत? इकडे शिलाई मशीन आणि मी, दोघंही कुरकुरत का होईना, चालू आहोत.

पत्रास कारण, आमची बस बंद होतेय. बसवाल्यांनी आपली सगळी आकडेवारी लोकांसाठी खुली केली. कोणीही बघा, चूक दिसली तर कळवा. तुझ्या भाचीने हौसेने आमचा थांबा काढला, तर चढणारे शून्य, उतरणारे शून्य! आणि खाली, पुढच्या महिन्यापासून फेरी बंद करायचा प्रस्ताव. मी म्हटलं, अगं, मग दर रविवारी ताईकडे जातं कोण, माझं भूत?

उलगडा असा की, थांब्यावर ना छप्पर ना बाकडं, म्हणून अख्खी गल्ली माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून बसची वाट बघते (आणि उसवलेलं फुकटात शिवून घेते, ते वेगळंच). ड्रायव्हर भला माणूस, बस दुकानासमोरच उभी करतो. पण दारातलं माणसं मोजणारं यंत्र फक्त ठरलेल्या थांब्यावर डोळे उघडतं. ड्रायव्हरच्या चांगुलपणानेच आमचा घात केला म्हण ना!

मग दुकानात सभा भरली. मास्तरांनी (निवृत्त झालेत, पण त्यांच्या लेखी शाळा अजून सुटलेली नाही) फर्मान काढलं, उद्यापासून सगळ्यांनी खऱ्या थांब्यावर उभं राहायचं. राहिलो. ड्रायव्हरने मात्र सवयीने दुकानाशी बस थांबवली. बाकडं रिकामं, शटर खाली. त्याला वाटलं, मीच आटोपलो. बिचारा इंजिन बंद करून उतरला, मागोमाग उतारूही उतरले आणि माझ्या पायरीपाशी माना खाली घालून उभे राहिले. ते बघून आम्हाला वाटलं, गल्लीत कोणीतरी गेलं. आम्ही धावत तिकडे! ड्रायव्हरने मला बघून मिठीच मारली आणि त्या आनंदात सगळ्यांना तिथूनच बसमध्ये घेतलं. आकडा पुन्हा शून्य. वर नोंद झाली, 'या ठिकाणी बसला विनाकारण उशीर.'

हसून हसून पोट दुखलं. पण ताई, त्यांनी काही लपवलं नव्हतं गं. आकड्यांचं दार सताड उघडं होतं, आत आम्हीच नव्हतो. आणि दार बंद असतं, तर बस यायची थांबल्यावरच आम्हाला कळलं असतं. तुझ्या भाचीने चूक कळवली, तेव्हा बसच्या कचेरीतल्या एक बाई येऊन सकाळभर बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, थांबा इथे हलवू, पण महिनाभर खऱ्या थांब्यावर माणसं दिसू द्यात. ड्रायव्हरलाही तंबी मिळालीय. आता भर उन्हात आम्ही रांगेत उभे असतो, आणि मास्तर हजेरी घेतात.

तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मास्तर म्हणतात, उतरणारेही दिसले पाहिजेत. तर या रविवारी तूच ये. थांब्यावर खुर्ची घेऊन उभा राहतो.

आणखी एक. मोजणीचं निमित्त आहे गं. भाऊजी गेल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस, दर वेळी मीच येतो. त्या आकड्यांतली आमची सगळी शून्यं खोटी आहेत. तुझ्या नावचं तेवढं खरं आहे.